गोयाच्या युद्धचित्रांच्या नकला: कोणत्या सालचे चित्र समोर होते?

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को दे गोयाच्या ‘२ मे १८०८’ या चित्राची हाताने रंगवलेली नक्कल हाती आली, तर आधी तिची डावी कड पाहावी. तिथे तांबूस, सपाट डाग दिसले तर चित्रकारासमोर २००८ पूर्वीचा फोटो होता. ते डाग गोयाने काढलेले नाहीत.

१९३८ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू असताना माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रे व्हालेन्सियाहून कातालोनियाकडे ट्रकने हलवली जात होती. बेनिकार्लो गावात एक सज्जा ट्रकवर कोसळला. ‘२ मे’चा कॅनव्हास फाटला आणि त्याचे काही तुकडे कायमचे गेले. दुरुस्ती करणाऱ्यांनी कॅनव्हास जोडला, पण गेलेला भाग मनाने न रंगवता तांबूस रंगाने भरून ठेवला. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे हेच चित्र जगाने पाहिले, त्याचेच फोटो निघाले आणि त्याच फोटोंवरून नकला झाल्या. १८०८ च्या उठावाच्या द्विशताब्दीला, २००८ मध्ये, प्रादोने हे चित्र आणि त्याची जोडी ‘३ मे १८०८’ दोन्ही साफ केली, पिवळे पडलेले व्हार्निश काढले आणि ‘२ मे’मधल्या मोकळ्या जागा भरल्या. त्यामुळे ‘३ मे’च्या जुन्या छापील चित्रात गुडघ्यावर बसलेल्या माणसाचा शर्ट लोण्याच्या रंगाचा दिसतो आणि नव्यात पांढरा. ग्राहक ‘रंग चुकला’ म्हणून भांडतो, तेव्हा बऱ्याचदा तो आणि चित्रकार दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

मूळ चित्रेही घटनेनंतर सहा वर्षांनी रंगवलेली. २ मे १८०८ रोजी माद्रिदचे लोक नेपोलियनच्या फौजेवर उठले. त्या रात्री आणि ३ मेच्या पहाटे प्रिन्सिपे पिओ टेकडीवर पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. फेब्रुवारी १८१४ मध्ये गोयाने रीजन्सी सरकारकडे (राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या सरकारकडे) हे प्रसंग रंगवण्याची परवानगी मागितली. मार्चमध्ये ती मिळाली, सोबत सामानाचा खर्च आणि महिना १५०० रेआल. मेमध्ये राजा सातवा फर्नांडो माद्रिदला परतला आणि उठावाच्या स्मृतीचा उत्साह ओसरला. चित्रे बरीच वर्षे कोठारात राहिली. ‘३ मे’ प्रादोच्या छापील यादीत आले ते १८७२ साली. गोयाआधीचा स्पॅनिश चित्रकार वेलास्केस याच्या नकला करणाऱ्यांची प्रादोत गर्दी असताना गोयाच्या या चित्राच्या सुरुवातीच्या नकला फारशा दिसत नाहीत, त्याचे हे एक कारण असावे.

‘युद्धाच्या आपत्ती’ या छापचित्रांचे तसेच. गोयाने १८१० पासून पुढची काही वर्षे ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. तांबे इतके दुर्मीळ, की निसर्गदृश्याचे जुने पत्रे अर्धे कापून त्यांच्या मागच्या बाजूवरही काम केले. गोया १८२८ मध्ये गेला आणि ८० चित्रांचा पहिला संच सान फर्नांदो अकादमीने १८६३ मध्ये छापला. गोयाच्या हयातीतल्या चाचणी प्रती स्वच्छ पुसलेल्या आणि कोरड्या दिसतात. १८६३ च्या प्रतींत पत्र्यावर शाईचा पातळ थर राखल्याने पार्श्वभूमी करडी आणि मऊ येते. १८६३ ची प्रत पाहून रंगवणारा माणूस ती करडी झाक गोयाची समजतो, आणि मूळची धार तिथेच जाते. त्यात पत्रा जेमतेम १५ गुणिले २० सेंटिमीटरचा. तो मीटरभर वाढवला की दोन रेषांमधला कोरा कागद मोठा होतो आणि प्रेते हवेत लटकल्यासारखी दिसतात. आमच्या मते ही चित्रे तेलरंगात वाढवूच नयेत.

‘३ मे’ मात्र लहान केले जाते. मूळ माप २६८ गुणिले ३४७ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी ९० असेल तर उंची ६९.५ हवी. बाजारात ६० गुणिले ९० चा तयार कॅनव्हास मिळतो. तो वापरला की वरचे काळे आकाश कापले जाते किंवा माणसे आडवी ताणली जातात. आकाश कापणे जास्त वाईट, कारण कंदिलाचा उजेड त्या अंधारामुळेच भेदक वाटतो. गुडघ्यावर बसलेला माणूस उभा राहिला तर सगळ्यांहून उंच होईल, हे गोयाने जाणूनबुजून केले आहे. चौकटी पाडून आकृती उतरवताना ‘दुरुस्ती’ म्हणून त्याला लहान करणारे अनेक जण भेटतात.

गोया बऱ्याचदा तांबूस अस्तरावर, म्हणजे कॅनव्हासवरच्या पहिल्या थरावर, रंगवत असे. पांढऱ्या अस्तरावर काम करायचे असेल तर आधी पातळ गेरूचा हात द्यावा आणि सावल्या पातळ ठेवाव्यात, म्हणजे खालची ऊब दिसते. काळा रंग नुसता लावला की भिंत तयार होते. शिवाय तो सावकाश वाळतो, आणि त्यावर लवकर वाळणारा थर आला की तडा जातो. म्हणून अंधाराचा खालचा थर अंबर या लवकर वाळणाऱ्या तपकिरी मातीच्या रंगाचा, आणि वरच्या थरात तेल जास्त. गोयाचा पांढरा शिशाचा होता. आजचा टायटॅनियम पांढरा थंड आणि जास्त झाकणारा असतो, त्यामुळे शर्ट निळसर दिसतो. चिमूटभर पिवळा ओकर मिसळला की तो सावरतो. शर्टाचा जाड रंग वाळायला आठवडे लागतात. १९८९ नंतर चीनमधील शेनझेनजवळच्या दाफेन गावात निर्यातीसाठी नकला रंगवण्याचा धंदा उभा राहिला आणि अशा चित्रांचा पुरवठा वाढला. घाई असलेला विक्रेता आठ दिवसांचे चित्र गुंडाळून पाठवतो, आणि ते उलगडले की शर्टावर चिरा. गुंडाळायचेच तर रंगाची बाजू बाहेर आणि नळी जाड असावी.

पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धचित्राची गोष्ट वेगळी. चित्र १९३७ चे, ३४९.३ गुणिले ७७६.६ सेंटिमीटरचे. तो रंग मुद्दाम चमकविरहित ठेवलेला, म्हणून नकलेवर चकचकीत व्हार्निश चालत नाही. १९५५ मध्ये अमेरिकी राजकारणी नेल्सन रॉकफेलर यांनी त्याचा विणलेला पडदा जॅकलिन द ला बोम-ड्यूरबाक या विणकर बाईंकडून करून घेतला. तो १९८५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात लावला गेला. त्या पडद्यात काळ्या-करड्याऐवजी तपकिरी छटा आल्या, आणि काही नकलांत त्याच तपकिरी दिसतात. नक्कल करायला गोया मुक्त आहे, पिकासो नाही: पिकासो १९७३ मध्ये वारला आणि भारतात कॉपीराइटचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत.