फर्स्ट लेडी बाहुल्या (मादाम अलेक्झांडर)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाहुल्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर डॉल कंपनीने १९७६ ते १९९० या काळात काढल्या. सहा संच, प्रत्येकात सहा, म्हणजे एकूण ३६ बाहुल्या, उंची १४ इंच, साधारण दीड वीत धरा. १९७६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली, त्या निमित्ताने पहिला संच आला. राष्ट्राध्यक्षांच्या बायका असं सगळे म्हणतात खरं, पण नावं नीट वाचत गेलं की लक्षात येतं की यातल्या बऱ्याच जणी कुणा राष्ट्राध्यक्षाच्या बायका नव्हत्याच, आणि माझ्या मते या संग्रहातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

कंपनी काढली बिआट्रिस अलेक्झांडर या बाईंनी, १९२३ साली, त्याच मादाम अलेक्झांडर. जन्म १८९५ चा, न्यूयॉर्कमधला. वडिलांचं बाहुल्यांचं हॉस्पिटल होतं, म्हणजे फुटलेल्या बाहुल्या दुरुस्त करायचं दुकान, कारण तेव्हा चांगल्या बाहुल्या चिनी मातीच्या असायच्या, जर्मनीहून यायच्या आणि हातातून पडल्या की संपल्या. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, दुकान चालेना, तेव्हा बिआट्रिस आणि त्यांच्या बहिणींनी घरीच कापडाची रेडक्रॉस नर्सची बाहुली शिवून विकायला सुरुवात केली. कपड्यावरचा जीव तिथपासूनचा. १९५३ ला राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा अख्खा सोहळा त्यांनी ३६ बाहुल्यांमध्ये उभा केला होता, त्यामुळे ऐतिहासिक पोशाख लहान मापात शिवायचा हात आधीच बसलेला होता.

या संग्रहाच्या मागे अजून एक जुना संग्रह आहे तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये फर्स्ट लेडींचे खरे गाऊन ठेवलेत. कॅसी जुलियन-जेम्स आणि रोझ होज (राष्ट्राध्यक्ष मन्रोंची पणती) या दोघींनी घराघरातून कपडे मागून ते जमवले, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांनी १९१२ ला स्वतःचा शपथविधीचा गाऊन दिला आणि १९१४ ला दालन खुलं झालं. मार्था वॉशिंग्टनचा गाऊन तिथला बघण्यासारखा आहे, गुलाबीसर रेशीम आणि त्यावर हाताने रंगवलेली फुलं, फुलपाखरं, किडे. आणि मेरी लिंकनचा जांभळा मखमली पोशाख, जो एलिझाबेथ केकली यांनी शिवला असं मानतात, या केकली आधी गुलाम होत्या, गिऱ्हाइकांकडून उसने पैसे घेऊन त्यांनी स्वतःला आणि मुलाला सोडवून घेतलं आणि ते पैसे शिवणकाम करून फेडले. जुन्या मांडणीत हे सगळे गाऊन ज्या प्लास्टरच्या पुतळ्यांना घातले होते त्या सगळ्यांना चेहरा एकच होता, फक्त केसांची ठेवण वेगळी. मादाम अलेक्झांडरच्या बाहुल्यांचंही साधारण तेच, चेहऱ्याचे साचे मोजकेच, मग बाई ओळखायची ती केसांवरून, गळ्यावरून, बाहीच्या घेरावरून, लेसवरून.

आता नावं. पहिल्या संचात मार्था वॉशिंग्टन, अॅबिगेल अॅडम्स, डॉली मॅडिसन, एलिझाबेथ मन्रो, लुईसा अॅडम्स या पाच बायका, आणि सहावी मार्था रँडॉल्फ, ही थॉमस जेफरसनची मुलगी, कारण जेफरसनची बायको १७८२ लाच गेली होती, तो राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी. दुसऱ्या संचात (१९७९-८१) तर बायका कमी आणि घरातल्या बाकीच्या जास्त. अँड्र्यू जॅक्सनची बायको रेचल नवरा निवडून आला आणि शपथविधीच्या आधीच डिसेंबर १८२८ मध्ये वारली, म्हणून बाहुली आहे ती सून सारा जॅक्सनची. व्हॅन ब्युरेन विधुर, तिथेही सून, अँजेलिका. टेलरची बायको समारंभात यायचीच नाही म्हणून मुलगी बेटी ब्लिस. पुढे ब्युकॅनन अविवाहित होता तर भाची हॅरिएट लेन, अँड्र्यू जॉन्सनची बायको आजारी तर मुलगी मार्था पॅटरसन, आर्थर विधुर तर बहीण मेरी मॅकेलरॉय. पाहुणे यायचे थांबत नाहीत ना, घरात कुणीतरी बाई उभी राहावीच लागते, मग ती सून असो की बहीण. फ्रान्सेस क्लीव्हलंडची गोष्ट वेगळी, तिचं राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडशी लग्नच व्हाइट हाउसमध्ये झालं, १८८६ ला, वय २१.

या बाहुल्या खेळायच्या नाहीत, मांडायच्या. झाकणारे उघडणारे डोळे, मनगटाला कागदी टॅग, गाऊनच्या आत शिवलेलं कंपनीचं लेबल. विकत घेणारा आधी टॅग बघतो, मग झगा उलटून लेबल बघतो, मग कापडाचा रंग उडालाय का ते. उन्हात ठेवलेली रेशमी झालर पिवळी पडते, म्हणून जपणारे खोक्यातच ठेवतात.

शेवटचा, सहावा संच १९८९-९० चा, त्यात एलिनॉर रूझवेल्ट, बेस ट्रुमन वगैरे, आणि मालिका जॅकलिन केनेडीपाशी थांबली. मादाम अलेक्झांडर ऑक्टोबर १९९० मध्ये गेल्या. जॅकलिन केनेडीची एक बाहुली मात्र कंपनीने आधी १९६१ लाच काढली होती, २१ इंची.