एईओ टी-१ मान्यता: लघु-मध्यम आयातदार-निर्यातदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कस्टममध्ये आज प्रत्येक कंटेनर अधिकारी उघडून बघत नाही. बिल ऑफ एंट्री (आयातीचे बिल) किंवा शिपिंग बिल (निर्यातीचे बिल) आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या ऑनलाइन पोर्टलवर, दाखल झाले की जोखीम व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बोलीभाषेतले आरएमएस, ते चाळते. माल कोणता, कुठल्या देशाचा, किंमत किती, आयातदाराचा मागचा इतिहास काय, हे सगळे बघून ती ठरवते की हे बिल थेट पुढे सोडायचे, मूल्यांकनाला पाठवायचे की मालाची तपासणी करायची. आयातीसाठी ही प्रणाली २००५ पासून आहे, निर्यातीसाठी २०१३ पासून. २०२० च्या ऑक्टोबरअखेर देशभर फेसलेस मूल्यांकन आले, त्यामुळे न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालाचे बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. ओळखीपाळखीवर चालणारा कारभार त्याने बराच आटोपला. आता तुमच्याबद्दल यंत्रणेत जी नोंद आहे, तीच तुमची ओळख.

ही नोंद अधिकृतपणे सुधारण्याचा मार्ग म्हणजे एईओ, पूर्ण नाव ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर, म्हणजे कस्टमने विश्वासार्ह म्हणून मान्यता दिलेला व्यावसायिक. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये ठरवलेल्या, व्यापाराच्या सुरक्षेसाठीच्या ‘सेफ’ (SAFE) चौकटीवर ही योजना उभी आहे. भारतात तिला सध्याचे रूप आले २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३३ ने. त्यात जुनी मान्यताप्राप्त ग्राहक योजनाही विलीन झाली. आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा तीन पायऱ्या आहेत. कस्टम ब्रोकर, गोदामवाले, टर्मिनल चालक आणि वाहतूक सेवा देणारे यांच्यासाठी वेगळी एलओ श्रेणी आहे. इथे फक्त टी-१ बघू, कारण लघु-मध्यम उद्योगाला आधी तीच हाती लागते.

टी-१ ने काय मिळते याबद्दल बाजारात बराच गोंधळ आहे, म्हणून आधी जे मिळत नाही ते. शुल्क नंतर भरण्याची सवलत टी-१ ला नाही, ती टी-२ आणि टी-३ ला आहे. दक्षिण कोरिया, अमेरिका यांसारख्या देशांशी झालेल्या परस्पर मान्यता करारांचा फायदाही टी-१ ला मिळत नाही. आणि तपासणी कायमची बंद होते असेही नाही. तिचे प्रमाण कमी होते, पण संशय आला तर टी-३ वाल्याचाही कंटेनर उघडला जातो.

हाती लागते ते असे: आरएमएसमध्ये जास्त सुलभता, आयातीत डीपीडी म्हणजे कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला) न नेता थेट बंदरातून कारखान्याकडे, निर्यातीत माल थेट बंदरात, आणि बँक गॅरंटीत सूट. शेवटची गोष्ट छोट्या उद्योगाच्या खिशाला सर्वात आधी जाणवते. साधारण टी-१ धारकाला नेहमीच्या गॅरंटीच्या ५० टक्के द्यावी लागते, एमएसएमई (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग) असेल तर २५ टक्के. म्हणजे ज्याला १० लाखांची गॅरंटी द्यावी लागली असती, त्याला एमएसएमई म्हणून अडीच लाखांची पुरते. उरलेल्या साडेसात लाखांवरचे मार्जिन आणि कमिशन वाचते. मात्र जप्त माल तात्पुरता सोडवताना अधिकाऱ्याने गॅरंटी मागितली, तर तिथे ही सूट लागू नाही.

पात्रता

मूळ अट होती २५ दस्तऐवज, म्हणजे आयात-निर्यातीची बिले, आणि ३ वर्षांचा व्यवसाय. बिगर-एमएसएमई अर्जदारांना ती तशीच आहे. एमएसएमईंसाठी २०२० च्या डिसेंबरमध्ये परिपत्रक ५४ ने ती सैल झाली. आता मागच्या आर्थिक वर्षात किमान १० बिले, आयात-निर्यात मिळून चालतात. त्यातली प्रत्येक सहामाहीत किमान ५. आणि कायदेशीर व आर्थिक बाबींची तपासणी ३ ऐवजी २ आर्थिक वर्षांची.

सहामाहीच्या अटीवर हंगामी निर्यातदार अडकतात, म्हणून ती जवळून बघू. समजा नाशिकचा एक द्राक्ष निर्यातदार आहे. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. वर्षभरात त्याची २६ शिपिंग बिले होतात: जानेवारीत ६, फेब्रुवारीत ८, मार्चमध्ये ९, एप्रिलमध्ये ३. आकडा तर १० च्या दुपटीहून जास्त. पण आर्थिक वर्षाची पहिली सहामाही एप्रिल ते सप्टेंबर, तिच्यात बिले फक्त ३. अर्ज तिथेच अडकला. याच माणसाने पावसाळ्यात कांदा, डाळिंब किंवा बेदाण्याची दोन बिले आपल्या आयईसीवर (आयात-निर्यात क्रमांकावर) काढली असती, तर ५ भरली असती. त्यामुळे अर्ज करायच्या वर्षाचा विचार आदल्या एप्रिलमध्येच करावा लागतो, अर्जाच्या महिन्यात नाही.

दुसरी चूक बिले मोजण्यात होते. मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, गेलेला माल तुमच्या कारखान्यात तयार झाला असला, तरी शिपिंग बिल त्याच्या आयईसीवर निघते. ते तुमच्या हिशोबात धरता येत नाही. इचलकरंजीचे कापड, कोल्हापूरचे कास्टिंग, यांतले बरेच उत्पादक हा फरक अर्ज भरताना पहिल्यांदा पाहतात. सीएचएकडून (तुमच्या कस्टम ब्रोकरकडून) यादी घ्या, पण ती आइसगेटवरच्या नोंदीशी स्वतः ताडून बघा. दोन-तीन सीएचए वापरत असाल तर प्रत्येकाची यादी अर्धवटच असणार.

तिसरी अडचण फर्म बदलल्याची. जीएसटी आल्यापासून आयईसी आणि पॅन एकच. मालकी संस्थेची प्रायव्हेट लिमिटेड केली की नवा पॅन, नवा आयईसी, आणि दोन वर्षांचा इतिहासही शून्यावर. नव्या संस्थेचा अपवादाने विचार करण्याची तरतूद आहे, पण ती धरून नियोजन करू नये. अर्ज आणि रूपांतर दोन्ही डोक्यात असतील तर क्रम विचारपूर्वक लावा.

एमएसएमई असल्याचा पुरावा म्हणजे उद्यम प्रमाणपत्र. २०२० च्या जुलैपासून तेच चालते, जुना उद्योग आधार दाखवून उपयोग नाही. एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. मध्यम उद्योगासाठी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक १२५ कोटी आणि उलाढाल ५०० कोटींपर्यंत. आणि या उलाढालीत निर्यातीची रक्कम धरत नाहीत. त्यामुळे ज्यांना आपण मर्यादेबाहेर गेलो असे वाटते, त्यांनी एकदा निर्यात वजा करून आकडा परत काढावा.

कायदेशीर स्वच्छता

फसवणूक, खोटे कागद, सरळसरळ तस्करी, उत्पादन शुल्क चुकवून गुपचूप माल काढणे, किंवा सेवाकर वसूल करून सरकारला न भरणे, अशा आरोपाची कारणे दाखवा नोटीस तपासणीच्या काळात आली असेल, तर दार बंद. खटला दाखल झाला असेल किंवा होण्याच्या बेतात असेल, तरी तसेच.

पण वर्गीकरणाचा किंवा मूल्याचा साधा वाद असेल तर घाबरून अर्ज सोडू नका. अशा सगळ्या नोटिसांतली मागणी आणि त्याच काळात भरलेले एकूण शुल्क अधिक घेतलेला ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळणारा शुल्क-परतावा) यांचे गुणोत्तर बघितले जाते. समजा दोन वर्षांत ८० लाख शुल्क भरले, २० लाख ड्रॉबॅक घेतला आणि नोटिसा मिळून मागणी ७ लाखांची आहे. गुणोत्तर ७ टक्के, म्हणजे १० च्या आत. १० च्या वर गेले तरी आपोआप नकार नाही, तेव्हा प्रकरणांचे स्वरूप तपासले जाते.

नोटीस लपवणे हा मात्र सर्वात वाईट पर्याय. कस्टमच्या झोनचे कार्यालय अर्ज आल्यावर इतर कार्यालयांकडूनही माहिती मागवते. निकाली निघालेली, दंड भरून मिटवलेली नोटीस अर्जात न लिहिता तिकडून समोर आली, तर प्रश्न नोटिशीचा राहत नाही, तुमच्या घोषणेचा होतो. सगळ्या नोटिसा क्रमांक, तारीख, रक्कम, सद्यस्थिती यांसह लिहा आणि निकालाची प्रत जोडा.

आर्थिक बाजू

दिवाळखोरी किंवा अवसायन सुरू नसावे, आणि ताळेबंदात निव्वळ मालमत्ता व निव्वळ चालू मालमत्ता (चालू मालमत्ता वजा चालू देणी) ऋण नसावी. कुटुंबाच्या कंपन्यांची गाडी इथे अडते. संचालकांनी कंपनीला दिलेले बिनतारण कर्ज लेखापालाने चालू देण्यांत टाकलेले असते. पैसे वर्षानुवर्षे परत मागितलेले नसतात, पण कागदावर चालू देणी फुगतात आणि निव्वळ चालू मालमत्ता ऋण दिसते. ताळेबंद लेखापरीक्षणानंतर बदलता येत नाही. पुढच्या वर्षी कर्जाचे स्वरूप करारानिशी नीट मांडा. या वर्षीच अर्ज करायचा असेल तर सीएने प्रमाणपत्रात ते स्पष्ट लिहावे.

सीएच्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राला मिळणारा ओळख क्रमांक, हवाच. तो नसला की प्रमाणपत्र परत येते, आणि तेवढ्यासाठी आठवडा जातो.

कागदपत्रे

एमएसएमईंसाठी पूर्वीच्या पाच जोडपत्रांऐवजी आता दोनच आहेत. त्यांत संस्थेची माहिती, कायदेशीर पालन, व्यापारी नोंदी कशा ठेवता आणि आर्थिक क्षमता एवढे येते. सोबत आयईसी, पॅन, सगळ्या जीएसटी नोंदण्या, उद्यम प्रमाणपत्र, दोन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सीएचे प्रमाणपत्र, मालक-भागीदार-संचालकांची यादी, सही करणाऱ्याचे अधिकारपत्र आणि बिलांची यादी तयार ठेवा. सुरक्षेचा सविस्तर आराखडा आणि जागेची प्रत्यक्ष तपासणी टी-२ पासून लागते. टी-१ कागदांवरच ठरते, म्हणून कागद आपसांत जुळणे हेच खरे काम.

जुळत नाहीत ते बहुधा पत्ते. आयईसीवर जुना गाळा, जीएसटीवर नवे गोदाम, उद्यमवर घरचा पत्ता. आधी तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करून घ्या. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अद्ययावत करावीच लागते, काही बदल नसला तरी. विसरलात तर आयईसी निष्क्रिय होतो, आणि निष्क्रिय आयईसीवर एईओ तर सोडाच, साधे शिपिंग बिलही दाखल होत नाही. बदल नसला तर हे काम पाच मिनिटांचे, आणि शुल्क नाही.

नोंदी ठेवण्याबद्दलच्या प्रश्नांना ‘होय, ठेवतो’ एवढे उत्तर पुरत नाही. ऑर्डरपासून पैसे जमा होईपर्यंत कोणता कागद कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, कोण नोंदवतो, बॅकअप कुठे, एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) कोण ठरवतो आणि चूक सापडली तर कोणाला कळवतो, हे चार-पाच सरळ वाक्यांत लिहा. टॅली वापरत असाल तर टॅली लिहा. दुसऱ्याच्या अर्जातून उचललेला ‘सर्वसमावेशक ईआरपी’ वगैरे मजकूर तीन माणसांच्या कार्यालयाला शोभत नाही, आणि तपासणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो.

अर्ज भरताना

अर्ज एईओ इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. शुल्क नाही; ‘सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर ती त्याची स्वतःची फी. आयईसी देऊन नोंदणी करा, श्रेणी टी-१ आणि अर्जदार एमएसएमई असल्याचे निवडा, माहिती भरा, सही-शिक्क्याच्या पीडीएफ चढवा. दाखल केल्यावर अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. टी-१ चा अर्ज कस्टमच्या झोनकडे जातो. टी-२ आणि टी-३ चे अर्ज दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क संचालनालयापर्यंत जातात.

संपर्काच्या रकान्यात सीएचएचा ईमेल टाकण्याची पद्धत पडली आहे. टाकू नका. त्रुटीपत्र त्या ईमेलवर येते, तिथल्या मुलाला ते कळत नाही, आणि तुम्ही इकडे ‘अजून काही उत्तर नाही’ म्हणून थांबलेले असता. संस्थेच्या नोकरीतल्या, आयात-निर्यातीचे काम प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाचा ईमेल आणि मोबाइल द्या.

मुदत एमएसएमईला कामकाजाचे १५ दिवस, इतरांना एक महिना. पण हे दिवस पूर्ण अर्जापासून मोजायचे. त्रुटी निघाली की घड्याळ तुमच्या दारात थांबते. उत्तर देताना मागितला तेवढाच कागद न पाठवता मुद्देनिहाय पत्र लिहा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर जोडलेल्या कागदाचे नाव द्या.

मान्यता मिळाल्यानंतर

टी-१ चे नूतनीकरण आता मुख्यतः सततच्या पालनावर अवलंबून आहे. दरवर्षी संकेतस्थळावर स्वयंघोषणा भरावी लागते, आणि ठरावीक काळाने झोन तुमच्या स्थितीचा आढावा घेतो. पत्ता, संचालक, व्यवसायाचे स्वरूप बदलले किंवा नवी नोटीस आली, तर घोषणेची वाट न बघता लगेच कळवा. संचालक बदलल्याचे कंपनी निबंधकाकडे नोंदवतात आणि इथे विसरतात, हे फार घडते.

प्रमाणपत्र आल्यावर सीएचएला आणि शिपिंग लाइनला त्याची प्रत द्या. डीपीडीसाठी बंदराकडे स्वतंत्र नोंदणी लागते, ती आपोआप होत नाही. आणि आधी दिलेल्या बँक गॅरंट्यांची यादी काढा: कुठल्या बाँडसोबत (कस्टमला दिलेल्या हमीपत्रासोबत), किती रकमेची, मुदत कधी संपते. नवी गॅरंटी देताना किंवा जुनी वाढवताना एईओ क्रमांक लिहून सवलतीचा अर्ज तुम्हीच करायचा असतो.