आर्टिकल क्लार्क ते ट्रेनी: माध्यमांच्या कायद्यातली उमेदवारी

घरात कुणी सीए करत असेल तर 'आर्टिकलशिप' हा शब्द ओळखीचा असतो. इंग्लंडात तो अकाउंटंटांच्या कितीतरी आधी वकिलांच्या पेढ्यांत रुजला होता. 'आर्टिकल्स' म्हणजे उमेदवार आणि त्याचा अॅटर्नी (खटल्याची तयारी करणारा वकील, पुढे त्यालाच सॉलिसिटर म्हणू लागले) यांच्यातला करारनामा. 1728च्या कायद्याने ही पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली आणि एका अॅटर्नीकडे एका वेळी दोनच उमेदवार असावेत, असंही बजावलं. फुकटचे कारकून जमवण्याचा मोह तेव्हाही असणारच! पगार सोडाच, उलट मुलाला ठेवून घेण्याबद्दल बापालाच पेढीला रक्कम मोजावी लागे. लॉ सोसायटीची, म्हणजे या वकिलांच्या संस्थेची, परीक्षा आली 1836 मध्ये. स्त्रियांना हे दार 1919च्या कायद्याने उघडलं आणि 1922 मध्ये कॅरी मॉरिसन पहिल्या महिला सॉलिसिटर झाल्या.

हीच पद्धत मुंबईत आली. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी 1894ची. सॉलिसिटर आणि कोर्टात उभा राहणारा वकील ही कायद्यातली फाळणी 1970च्या दशकात संपली, पण सोसायटीची परीक्षा आणि तिच्यासाठीची आर्टिकलशिप टिकली.

सॉलिसिटर नेमकं काय करतो, हे मराठी वाचकाला समजायला चिरोल खटल्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ब्रिटिश पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात टिळकांवर जे आरोप केले, त्याबद्दल टिळकांनी लेखक आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1919च्या जानेवारी-फेब्रुवारीत सुनावणी झाली. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन. ही नावं आपल्याला पाठ असतात, कारण बॅरिस्टर कोर्टात बोलतो. पण 'केसरी'तल्या लेखांची भाषांतरं, हिंदुस्थानात कमिशनपुढे नोंदवलेल्या साक्षी, ही सगळी सामग्री गोळा करून, लावून बॅरिस्टरच्या हाती देणं हे सॉलिसिटरचं काम. ज्यूरीने टिळकांच्या विरोधात निकाल दिला आणि खर्चाचा डोंगर त्यांच्यावर कोसळला.

या खर्चातच माध्यमांच्या कायद्यातल्या खास पेढ्यांचं मूळ आहे, असं मला वाटतं. इंग्लंडच्या कायद्यात बदनामीकारक मजकूर खोटाच आहे असं धरून चालतात. तो खरा असल्याचं छापणाऱ्याने सिद्ध करायचं. हरलं तर दोन्ही बाजूंचं बिल अंगावर येऊ शकतं. मग खटला लढण्यापेक्षा छापण्याआधीच मजकूर वकिलाच्या नजरेखालून घालणं स्वस्त पडतं. लंडनच्या वर्तमानपत्रांत संध्याकाळी येऊन पानं वाचणारे 'नाईट लॉयर' म्हणूनच आले. वाक्य काढून टाकणं कुणालाही जमतं. बातमी जिवंत ठेवून तिच्यातला धोका काढणं ही कला आहे आणि ती जाणत्याच्या शेजारी बसूनच येते.

पुढे कामही वाढलं. खासगीपणाचा हक्क मानणारा मानवी हक्क कायदा 2000 मध्ये लागू झाला. 2004 मध्ये एका वर्तमानपत्राविरुद्धच्या दाव्यात मॉडेल नाओमी कॅम्पबेल यांच्या बाजूने हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला आणि बातमी खरी असली तरी खासगीपणाचा भंग होऊ शकतो, हे पक्कं झालं. 2013च्या अब्रुनुकसानीच्या कायद्याने दावा लावणाऱ्याने 'गंभीर हानी' दाखवण्याची अट घातली आणि अशा दाव्यांतून ज्यूरी जवळपास हद्दपार केली. शिवाय चित्रपटांचे करार, संगीताचे हक्क हे होतंच.

'आर्टिकल क्लार्क' गेला, 'ट्रेनी' आला. दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, बहुतेक ठिकाणी सहा-सहा महिन्यांच्या चार 'सीट', म्हणजे वेगवेगळ्या विभागांतल्या पाळ्या. त्यात मेख अशी होती, की कायद्याची किमान तीन वेगळी क्षेत्रं शिकवलीच पाहिजेत, आणि कोर्टकज्जाचं व बिनकज्ज्याचं असं दोन्ही काम. फक्त अब्रुनुकसानीचे दावे चालवणाऱ्या छोट्या पेढीने बाकीचं आणायचं कुठून? मग ट्रेनीला काही महिने दुसरीकडे धाडायचं, नाहीतर ट्रेनी घ्यायचाच नाही.

सप्टेंबर 2021 पासून 'एसक्यूई' (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही सॉलिसिटर होण्यासाठीची नवी परीक्षा आली. पहिल्या टप्प्यात बहुपर्यायी 360 प्रश्न, दुसऱ्यात अशिलाशी बोलणं, मसुदा करणं अशी प्रत्यक्ष कामं. दोन वर्षांचा अनुभव आता चार ठिकाणांपर्यंत विभागून घेता येतो आणि तीन क्षेत्रांची ती जुनी अट उरलेली नाही. त्यामुळे छोट्या पेढीचा मार्ग मोकळा झाला. मात्र 360 प्रश्नांत रात्री दहाला आलेलं पान वाचायला लावणारा एकही नसतो. ते शिकायला अजूनही कुणाच्या तरी शेजारची खुर्चीच लागते.