स्ट्रीम गव्हर्नन्स

स्ट्रीम गव्हर्नन्स : अखंड वाहत्या डेटाची रचना, दर्जा, मालकी आणि प्रवास यांवर लक्ष व नियंत्रण ठेवण्याची पद्धत आणि तिच्यासाठी लागणारी साधने. ही संज्ञा सैलपणे अनेक उत्पादनांना लावली जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र अपाची काफ्का या संदेशांचे प्रवाह साठवणाऱ्या व वाहून नेणाऱ्या प्रणालीभोवती कॉन्फ्लुएन्ट या अमेरिकी कंपनीने उभारलेला, २०२१ पासून याच नावाने ओळखला जाणारा संच मुख्यतः विचारात घेतला आहे. काफ्कात संदेश ज्या नामांकित प्रवाहात साठतात तो टॉपिक, संदेश लिहिणारा प्रोग्राम प्रोड्यूसर, वाचणारा कन्झ्युमर आणि संदेश साठवून पुरवणारा सर्व्हर ब्रोकर. संचाचा गाभा म्हणजे स्कीमा रजिस्ट्री, अर्थात स्कीमांची (डेटाच्या रचनेच्या वर्णनांची) नोंदवही. ती संचाहून बरीच जुनी असून नव्याने आलेल्या जवळजवळ सर्व सोयी तिच्याच आधारावर उभ्या आहेत.

उगम : स्कीमा रजिस्ट्रीचा आरंभ कोठे मानावा याविषयी दोन मते आढळतात. एक मत तिची परंपरा आयएसओ/आयईसी १११७९ या मेटाडेटा-नोंदवह्यांच्या (डेटाविषयीच्या माहितीच्या नोंदवह्यांच्या) आंतरराष्ट्रीय मानकापर्यंत मागे नेते. त्याचे पहिले भाग १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले. प्रत्येक डेटा-घटकाला नाव, व्याख्या व ओळखक्रमांक देऊन त्याची अधिकृत नोंद ठेवणे हा त्याचा हेतू. साम्य उघड आहे. पण ती नोंदवही माणसांनी चाळायची होती. चालत्या प्रोग्रामने संदेशागणिक नोंदवहीचा आधार घ्यावा, ही कल्पना तीत दिसत नाही.

दुसऱ्या मतानुसार हा उगम लिंक्डइनमध्ये, साधारणतः २०१० ते २०१२ या काळात झाला, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. काफ्का तेथेच जे क्रेप्स, नेहा नारखेडे व जुन राव यांनी घडवली. ती २०११ मध्ये मुक्त स्रोत झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये अपाची या मुक्त स्रोत संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प बनली. (नारखेडे मूळच्या पुण्याच्या, त्यांचे अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण पुण्यातच झाले.) काफ्कापूर्वी लिंक्डइनच्या संकेतस्थळावरील घडामोडी एक्सएमएल रूपात गोळा होत आणि पाठवणाऱ्या गटाने रचना बदलली की डेटा-गोदामाकडील वाचन बंद पडे. उपाय म्हणून अ‍ॅव्हरो हे डेटा बाइटांत मांडण्याचे स्वरूप स्वीकारले गेले. डग कटिंग यांनी २००९ च्या सुमारास हडूप या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या प्रणालीचा उपप्रकल्प म्हणून ते सुरू केले होते. अ‍ॅव्हरोच्या फाइलीत स्कीमा शीर्षभागी एकदाच लिहिलेला असतो आणि खाली लाखो नोंदी येतात, म्हणून तो खर्च जाणवत नाही. काफ्काचा संदेश मात्र कधीकधी शंभर बाइटचाही नसतो. त्याच्यासोबत दोन हजार बाइटचा स्कीमा पाठवणे परवडणारे नव्हते. स्कीमा एका जागी ठेवावा आणि संदेशात केवळ त्याची खूण पाठवावी, ही व्यवस्था या अडचणीतूनच निघाली.

मधल्या एका टप्प्याकडे सहसा दुर्लक्ष होते. २०१२ च्या मध्यास क्रेप्स यांनी अ‍ॅव्हरो प्रकल्पातच स्कीमा साठवणारी एक सेवा असावी असा प्रस्ताव मांडला. तो क्रमांक ११२४ म्हणून नोंदवला गेला आणि त्यावर बराच काळ चर्चा चालली, पण अ‍ॅव्हरोत तो सामावला गेला नाही. त्यावर आधारलेला स्कीमा-रेपो हा स्वतंत्र प्रकल्प काही काळ चालला. कॉन्फ्लुएन्टची स्थापना २०१४ मध्ये झाली आणि २०१५ च्या आरंभी तिच्या पहिल्या प्लॅटफॉर्म-आवृत्तीसोबत आजची स्कीमा रजिस्ट्री प्रसिद्ध झाली. तिला या प्रस्तावाची थेट वारस म्हणण्यापेक्षा त्याच अनुभवातून नव्याने केलेली रचना म्हणणे योग्य ठरेल.

बाइटरचना : अ‍ॅव्हरोच्या द्विमान (बायनरी) रूपात क्षेत्रांची, म्हणजे नोंदीतील रकान्यांची, नावे नसतात. ‘पुणे’ हा मजकूर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात १२ बाइटांचा होतो. अ‍ॅव्हरो आधी लांबी दर्शवणारा २४ हा बाइट लिहितो (झिगझॅग पद्धतीत धन संख्या दुप्पट करून लिहिली जाते) आणि मग ते १२ बाइट. परंतु १२ हा साधा पूर्णांकही २४ असाच लिहिला जातो. म्हणजे समोर आलेला २४ ही मजकुराची लांबी आहे की वस्तूंची संख्या, हे स्कीमा हाताशी असल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. चुकीचा स्कीमा लावला तर दर वेळी त्रुटी येईलच असे नाही. पुष्कळदा डेटा वाचला जातो, पण भलताच.

म्हणून संदेशाच्या आरंभी पाच बाइट जोडले जातात. पहिला बाइट शून्य, याला मॅजिक बाइट म्हणतात. पुढील चार बाइटांत स्कीमाचा क्रमांक, मोठे स्थान आधी या क्रमाने. क्रमांक ३०० असेल तर आरंभ ०, ०, ०, १, ४४ असा दिसतो (३०० = १ × २५६ + ४४). कन्झ्युमर हा क्रमांक रजिस्ट्रीला एकदा विचारतो आणि उत्तर स्मृतीत ठेवतो. त्यामुळे रजिस्ट्री बंद पडली तरी चालू प्रोग्राम लगेच थांबत नाहीत. अनोळखी क्रमांक आला किंवा प्रोग्राम पुन्हा सुरू केला की मग बिंग फुटते.

चार बाइटांचा हा क्रमांक सोयीचा असला तरी तो त्या-त्या रजिस्ट्रीपुरताच अर्थपूर्ण असतो. एका केंद्रातील टॉपिक जसाच्या तसा दुसऱ्या केंद्रात नेला तर तेथे ३०० हा क्रमांक वेगळ्याच स्कीमाचा असू शकतो. २०२१ च्या सुमारास आलेल्या ‘काँटेक्स्ट’ आणि ‘स्कीमा लिंकिंग’ या सोयी याच पेचावर आहेत : पहिलीत क्रमांकांची स्वतंत्र दालने करता येतात, दुसरीत स्कीमा मूळ क्रमांकासह दुसऱ्या रजिस्ट्रीत उतरवता येतात. अलीकडच्या आवृत्त्यांनी आणखी पुढे जाऊन १६ बाइटांची, सर्वत्र एकमेव ठरणारी ओळख दिली आहे. ती संदेशाच्या अंगात न ठेवता काफ्काच्या हेडरमध्ये (संदेशासोबतच्या वेगळ्या माहितीभागात) ठेवता येते, त्यामुळे आरंभी पाच बाइट जोडण्याची गरज उरत नाही. लिंक्डइनच्या जुन्या व्यवस्थेतही स्कीमाच्या मजकुरावरून काढलेला १६ बाइटांचा एमडी५ ठसा वापरला जाई. मधल्या दशकात वाचवलेले बारा बाइट अशा रीतीने परत मोजावे लागले, असे म्हणण्यास जागा आहे.

रजिस्ट्रीचा स्वतःचा साठा वेगळ्या डेटाबेसमध्ये नसून काफ्कामधीलच एका टॉपिकमध्ये असतो. त्याला एकच पार्टिशन (विभाग) असते आणि त्यावर कॉम्पॅक्शनचे, म्हणजे प्रत्येक नोंदीचे शेवटचे रूप कायम ठेवण्याचे, धोरण लावलेले असते. अनेक प्रती चालवल्या तरी लिहिण्याचा अधिकार त्यांतील एका प्रमुख प्रतीलाच असतो. या टॉपिकचे धोरण चुकून ‘डिलीट’ झाले तर मुदत संपताच जुने स्कीमा पुसले जातात आणि त्यांनी लिहिलेला डेटा बंद पेटीसारखा पडून राहतो. काफ्का सांभाळणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत हा ठळक असतो.

सुसंगतता : नवा स्कीमा नोंदवताना तो जुन्याशी जुळतो का, हे रजिस्ट्री तपासते. बॅकवर्ड प्रकारात नव्या स्कीमाने जुना डेटा वाचता आला पाहिजे. फॉरवर्डमध्ये जुन्या स्कीमाने नवा. फुल म्हणजे दोन्ही. या तिन्हींची, सर्व मागील आवृत्त्यांशी ताडून पाहणारी ‘ट्रान्झिटिव्ह’ रूपे आहेत, आणि ‘नन’ लावल्यास तपासणीच होत नाही. मूळ निवड बॅकवर्ड आहे. काफ्कात कन्झ्युमर टॉपिकच्या आरंभापासून पुन्हा वाचू शकतो, हे तिचे कारण.

ट्रान्झिटिव्ह नसलेली तपासणी फक्त लगतच्या मागील आवृत्तीशी होते, आणि तेथे एक सापळा आहे. समजा, ऑर्डरच्या स्कीमाच्या पहिल्या आवृत्तीत ‘पिनकोड’ हे क्षेत्र नाही. दुसरीत ते डिफॉल्ट मूल्यासह आले. तिसरीत कोणीतरी ‘आता सगळेच पिनकोड देतात’ म्हणून डिफॉल्ट काढून टाकले. तिसरी आवृत्ती दुसरीशी बॅकवर्ड सुसंगत ठरते, कारण दुसरीच्या डेटात क्षेत्र आहेच. रजिस्ट्री ती स्वीकारते. पण टॉपिकमध्ये पहिल्या आवृत्तीचे संदेश शिल्लक असतील तर नव्या कन्झ्युमरला ते वाचता येत नाहीत. दीर्घकाळ डेटा ठेवणाऱ्या टॉपिकांसाठी ट्रान्झिटिव्ह प्रकारच निवडावा, या मताकडे प्रस्तुत लेखकाचाही कल आहे.

२०२० मध्ये अ‍ॅव्हरोसोबत प्रोटोबफ आणि जेएसओएन स्कीमा या अन्य दोन स्वरूपांना रजिस्ट्रीत मान्यता मिळाली. जेएसओएन स्कीमात प्रश्न अधिक नाजूक होतो. अनोंदणीकृत क्षेत्रांना मुभा देणाऱ्या मोकळ्या रचनेत नवे ऐच्छिक क्षेत्र जोडणेही बॅकवर्ड विसंगत ठरते. कारण त्याच नावाचे पण वेगळ्या प्रकारचे क्षेत्र जुन्या डेटात कोणी आधीच पाठवलेले असू शकते. हा निर्णय तर्काने बिनचूक असला तरी वापरणाऱ्यांना तो गोंधळात टाकतो.

संचाची वाढ : सप्टेंबर २०२१ मध्ये स्ट्रीम क्वालिटी, स्ट्रीम कॅटलॉग आणि स्ट्रीम लिनिएज असे तीन घटक एका नावाखाली आणले गेले. क्वालिटी म्हणजे मुख्यतः वर वर्णिलेली रजिस्ट्री. कॅटलॉगमध्ये टॉपिक, स्कीमा व क्षेत्रे शोधता येतात आणि त्यांना टॅग लावता येतात. लिनिएज डेटा कोठून निघून कोठे गेला याचा आलेख काढतो. पुढे २०२२ मध्ये इसेन्शियल्स व अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन स्तर झाले. व्यवसायविषयक माहिती जोडणे आणि मागील एखाद्या वेळेचा आलेख पाहणे यांसारख्या सोयी वरच्या स्तरात गेल्या. २०२३ मध्ये संस्थेबाहेरील ग्राहकाला टॉपिक थेट देणारे स्ट्रीम शेअरिंग आणि उपलब्ध प्रवाह चाळून परवानगी मागण्याचे डेटा पोर्टल आले.

याच वर्षीची सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे डेटा करार. स्कीमा क्षेत्राचा प्रकार सांगतो. त्यातील मूल्य शहाणपणाचे आहे का, हे सांगत नाही. रक्कम हे क्षेत्र पूर्णांक आहे एवढे स्कीमाला कळते, ती उणे नसावी हे कळत नाही. डेटा करारात स्कीमासोबत असे नियम नोंदवता येतात. अटी प्रायः सीईएल या गूगलप्रणीत अभिव्यक्ती-भाषेत लिहितात. अट मोडली तर संदेश नाकारावा किंवा डेड लेटर टॉपिककडे (नाकारलेल्या संदेशांच्या टॉपिककडे) वळवावा, हे नियमातच ठरवता येते. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन पिढ्यांच्या स्कीमांमध्ये जेएसओएनाटा या डेटा-रूपांतराच्या भाषेतील स्थलांतर-नियम बसवून जुना कन्झ्युमर नवा डेटा आणि नवा कन्झ्युमर जुना डेटा वाचू शकतो. त्यामुळे ‘मोडणारा बदल करायचाच नाही’ ही जुनी शिस्त काहीशी सैल झाली आहे.

या सोयींचे मोल ठरवताना नियम कोठे तपासला जातो हे पाहावे लागते. उत्पादनांच्या वर्णनात हा मुद्दा फारसा पुढे येत नाही. डेटा कराराचे नियम ब्रोकरवर नव्हे, तर प्रोड्यूसर व कन्झ्युमर यांच्या सीरियलायझर-डीसीरियलायझरमध्ये (डेटाचे बाइट करणाऱ्या व बाइटांचा पुन्हा डेटा करणाऱ्या भागांत) चालतात. ठरलेला सीरियलायझर न वापरता कच्चे बाइट लिहिणारा प्रोग्राम त्यांच्या कक्षेत येत नाही. ब्रोकरवरील तपासणीची सोय २०२० पासून आहे, पण ती संदेशातील क्रमांक त्या टॉपिकसाठी नोंदलेला आहे की नाही एवढेच पाहते; आतील मजकूर उघडत नाही. योग्य क्रमांकाखाली वाटेल ते बाइट असले तरी तो संदेश आत जातो. शिवाय, आणखी काही न ठरवल्यास प्रोड्यूसर आपला स्कीमा स्वतःच नोंदवतो. ही मुभा विकासाच्या काळात सोयीची, पण प्रत्यक्ष वापरात ती बंद करून स्कीमा तपासून मगच नोंदवावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. हे न करता वरच्या स्तराचे पैसे भरणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकीला गज बसवणे होय.

क्षेत्रस्तरीय सांकेतीकरण (एन्क्रिप्शन) हेही याच नियमयंत्रणेवर चालते. क्षेत्राला ‘पीआयआय’ (व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती) असा टॅग लावला की प्रोड्यूसर ते क्षेत्र पाठवण्यापूर्वीच सांकेतिक करतो. डेटाची किल्ली एका दुसऱ्या किल्लीने झाकलेली असते आणि ती दुसरी किल्ली ग्राहकाच्या ताब्यातील किल्ली-व्यवस्थापन सेवेत राहते, त्यामुळे ब्रोकर चालवणाऱ्यालाही मजकूर दिसत नाही. येथे मात्र तपासणी टोकांवर असणे ही उणीव न राहता अटच ठरते. युरोपचा २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा डेटा-संरक्षण नियम आणि भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यांच्या संदर्भात या सोयीची चर्चा होते.

इतर अंमलबजावण्या : डिसेंबर २०१८ मध्ये कॉन्फ्लुएन्टने रजिस्ट्रीचा परवाना बदलून तिच्यावर स्पर्धक सेवा चालवण्यास मनाई केली. एव्हन या कंपनीची करापेस ही रजिस्ट्री मुक्त स्रोत अपाची परवान्याखाली असून कॉन्फ्लुएन्टच्याच एपीआयशी (प्रोग्रामांनी वापरायच्या जोडणीशी) जुळते. रेड हॅटने पुढे आणलेली अपिक्युरिओ हीदेखील मुक्त स्रोत आहे. काफ्काशी जुळणाऱ्या रेडपांडा या प्रणालीने ही सोय ब्रोकरमध्येच अंतर्भूत केली आहे. अ‍ॅमेझॉनची ग्लू स्कीमा रजिस्ट्री २०२० अखेरीस आली. तिच्या संदेशात आवृत्तीचा एक, संपीडनाचा एक आणि ओळखीचे १६ असे १८ बाइट आरंभी असतात. त्यांतील पहिला बाइट ३ असतो. त्यामुळे शून्याची अपेक्षा करणारा कॉन्फ्लुएन्टचा जुना कन्झ्युमर हा संदेश पहिल्याच बाइटला नाकारतो. एका व्यवस्थेतून दुसरीकडे जाताना स्कीमांपेक्षा टॉपिकमध्ये आधीच साठलेले संदेश अधिक त्रासदायक ठरतात ते यामुळेच.