सहा पायांचं यंत्र आणि एक सरळ रेघ

सहा तिरक्या दांड्यांवर डोलणारं मिलिंग यंत्र आणि खाली ओळ: 'आता व्हीएमसी भंगारात!' हा व्हिडिओ मला आठवड्याभरात तिघांनी पाठवला. (व्हीएमसी म्हणजे कारखान्यातलं नेहमीचं, संगणकाने चालणारं उभं मिलिंग यंत्र.) बातमी म्हणून तो तीस वर्षं शिळा आहे. १९९४ साली शिकागोच्या यंत्रप्रदर्शनात गिडिंग्ज अँड लुईस कंपनीचं 'व्हेरिअ‍ॅक्स' आणि इंगरसोल कंपनीचं हेक्सापॉड, म्हणजे असंच सहा पायांचं यंत्र, मांडलं गेलं, तेव्हाही असाच गाजावाजा झाला. मूळ कल्पना तर त्याहून जुनी. डनलॉपच्या एरिक गॉफ यांनी १९५०च्या दशकात टायर तपासायला असा मंच बांधला होता. वैमानिकांचे सिम्युलेटर आजही त्याच जातीच्या सहा पायांवर डुलतात.

नेहमीच्या यंत्रात बेडवर (पायावर) सॅडल (सरकता भाग), सॅडलवर टेबल, टेबलावर जॉब (कापायचा तुकडा) अशी उतरंड असते. खालच्याची चूक वरच्याला भोवते. हेक्सापॉडचे सहाही पाय थेट जमिनीकडच्या चौकटीतून स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) मंचाला भिडतात. दोन्ही टोकांना फिरते सांधे असल्यामुळे पाय फक्त ओढला किंवा दाबला जातो, वाकवला जात नाही. खडू ओढून सहजी तुटत नाही, वाकवला की कट्कन मोडतो. सगळी ताकद त्यातच आहे. आणि पाय सहाच का? कुठल्याही वस्तूला तीन दिशांना सरकता येतं आणि तीन अक्षांभोवती फिरता येतं, एकूण सहा हालचाली, म्हणून.

आता माझा आवडता भाग. व्हीएमसीत सरळ रेघ लोखंडातच असते: कारागिराने निळ्या रंगाने उंचवटे शोधून, ते खरवडून (स्क्रेपिंग) गाइडवे, म्हणजे भाग ज्यावर सरकतात ती पट्टी, सपाट केलेला असतो. हेक्सापॉडमध्ये सरळ रेघ कुठेच नसते! समजा, एका पायाचं वरचं टोक खालच्या टोकापासून आडवं ६०० मिमी आणि उंचीला ८०० मिमी आहे. पायथागोरस म्हणतो, लांबी १००० मिमी. मंच आडवा १०० मिमी सरकवा: १०६३. आणखी १००: साधारण ११३१.४. म्हणजे पहिल्या टप्प्यात पाय ६३ मिमी वाढला, दुसऱ्यात ६८.४. साध्या सरळ कापासाठी सहाही पायांनी आपापला वेग क्षणोक्षणी बदलत राहायचं. उलटा प्रश्न आणखी अवघड: सहा लांबी दिल्या तर मंच कुठे आहे? गणिताने याची ४० पर्यंत उत्तरं निघू शकतात.

बरं, हे गणित सांध्यांच्या जागांवर उभं. प्रत्येक पायाच्या दोन सांध्यांच्या जागेचे तीन-तीन आकडे आणि मूळ लांबीचा एक, असे सात. सहा पायांचे ४२. हे सगळे मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) ठाऊक हवेत. त्यात एक मीटरचा पोलादी पाय एका अंशाने तापला की सुमारे १२ मायक्रॉन वाढतो. खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ जरूर घाला, पण लिंबू-मिरची बांधून ही वाढ थांबत नाही. तापमान मोजावंच लागतं.

शिवाय यंत्र अवाढव्य आणि कामाची जागा चिमुकली. मंच फार कलवला की ताठपणा झपाट्याने घटतो; मधोमध चांगला कापणारा कटर कडेला थरथरतो. म्हणून टिकला तो जुन्या-नव्याचा संकर. 'स्प्रिंट झेड३' या स्पिंडलहेडात एकाच मंचाला जोडलेले तीनच पाय आहेत, लांबचा प्रवास मात्र जुन्या पद्धतीच्या गाइडवेवर. विमानांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यावर कापले जातात. अस्सल सहा पाय पाहायचे तर जेम्स वेब दुर्बिणीत. तिच्या मुख्य आरशाच्या १८ तुकड्यांमागे प्रत्येकी एक हेक्सापॉड आहे. तिथे तुकडा अगदी थोडासाच हलवायचा असतो, आणि चिप्स (धातूचा कीस) तर उडतच नाहीत.