पहिला आणि शेवटचा प्रयोग

परफॉर्मन्स आर्टला, म्हणजे कलाकारानं लोकांसमोर केलेली कृती हीच जिथे कलाकृती असते त्या कलेला, मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या वर्गात एकदा बराच काथ्याकूट झाला. 'सादरीकरण' म्हटलं की ऑफिसातल्या मीटिंगच्या स्लाइड आठवतात, 'प्रयोगकला' म्हटलं की शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. मला नुसता 'प्रयोग' बरा वाटतो, कारण हा शब्द प्रयोगशाळेतही चालतो आणि रंगमंचावरही. फरक एवढाच, की नाटकाच्या जाहिरातीत शंभरावा, पाचशेवा प्रयोग मिरवतात आणि इथे बहुतेक वेळा पहिला प्रयोग तोच शेवटचा. जे हजर होते त्यांनी पाहिला. बाकीच्यांच्या वाट्याला फोटो.

अडचण अशी की आम्ही सगळे या बाकीच्यांतलेच. चित्र भिंतीवर टांगलं जातं, विकलं जातं, श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन बसतं. तेव्हा विकताच येणार नाही असं काहीतरी करू, या ईर्षेनं दुसऱ्या महायुद्धानंतरचे कलाकार कॅनव्हास सोडून स्वतःच्या अंगाकडे वळले. 1955 मध्ये जपानच्या गुताई या कलाकारांच्या गटातला काझुओ शिरागा चिखलात लोळला, चिखलाशी झोंबला. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत अमेरिकन कलाकार अ‍ॅलन काप्रोनं प्रेक्षकांच्या हाती सूचनांची कार्डं दिली आणि कुठे, कधी बसायचं, कधी उठायचं ते त्यावरून ठरवलं. दोन्ही आज आम्हाला ठाऊक आहेत ती कृष्णधवल फोटोंमुळे.

फोटो खरंच बोलतो असंही नाही. 1960 मध्ये पॅरिसजवळच्या एका गल्लीत फ्रेंच कलाकार ईव्ह क्लाइन भिंतीवरून हवेत झेपावला, खाली मोकळा रस्ता, लांबवर एक सायकलस्वार. प्रत्यक्षात खाली ताडपत्री धरून मित्र उभे होते; नंतर रिकाम्या रस्त्याची दुसरी निगेटिव्ह जोडून त्यांना पुसून टाकलं. हा फोटो क्लाइननं स्वतः छापलेल्या, रविवारच्या अंकासारख्या दिसणाऱ्या एका दिवसाच्या वर्तमानपत्रात घातला. म्हणजे प्रयोग नेमका कोणता, उडी की वर्तमानपत्र? मला वाटतं, वर्तमानपत्र. माध्यमांनी या कलेला बिघडवलं असं आमचे काही शिक्षक सांगतात, तेव्हा मला ही उडी आठवते.

हे सगळ्यात नीट ओळखलं होतं ते अमेरिकन कलाकार क्रिस बर्डननं. 1971 मध्ये तो कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात शिकत होता. पदवीचं काम म्हणून त्यानं काय केलं, तर विद्यार्थ्यांच्या सामानाच्या लॉकरमध्ये पाच दिवस स्वतःला कोंडून घेतलं. लॉकर दोन फूट उंच, दोन फूट रुंद, तीन फूट खोल. वरच्या लॉकरमध्ये पाच गॅलन पाणी, म्हणजे आपल्या ऑफिसातल्या जारएवढं, आणि खालच्या लॉकरमध्ये तेवढीच रिकामी बाटली. कशासाठी ते सांगायला नको. लोक येऊन दाराबाहेर बसायचे आणि पत्र्यापलीकडच्या माणसाशी बोलत राहायचे.

त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला, सांता अ‍ॅनामधल्या एका छोट्या जागेत, मोजक्या लोकांसमोर त्यानं मित्राला साधारण पंधरा फुटांवरून स्वतःच्या डाव्या दंडावर .22 रायफलनं गोळी झाडायला लावली. गोळीनं दंड नुसता खरचटायचा होता; ती आत घुसली. या कामाचं जे टिपण त्यानं मागे ठेवलं, ते पोलिसी पंचनाम्यासारखं आहे: वेळ, हात, गोळीचा प्रकार, अंतर. संपलं. फिल्म आठेक सेकंदांची. ती मी पहिल्यांदा वर्गात प्रोजेक्टरवर पाहिली आणि काही दिसायच्या आतच ती आटोपली. बर्डन आपल्या फिल्म दाखवताना प्रेक्षकांना एका आवाजाकडे कान द्यायला सांगायचा: काडतुसाची रिकामी पुंगळी जमिनीवर पडते, तो. दुसऱ्यांदा पाहताना मी डोळे मिटून तेवढाच ऐकला. बारीक आवाज आहे, चमचा पडल्यासारखा.

त्या पिढीला गोळीबार नवा नव्हता. केनेडींच्या मारेकऱ्याला 1963 मध्ये थेट प्रक्षेपणात गोळी घातली गेली. 1968 मध्ये व्हिएतनामच्या युद्धात सायगावच्या रस्त्यावर एका कैद्याच्या डोक्यात झाडलेली गोळी लोकांनी टीव्हीवर बघितली. 1970 मध्ये केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी चार विद्यार्थी मारले. जेवताना समोर हे चालू. मग गोळी लागणं म्हणजे नक्की काय, हे पडद्याबाहेर, खोलीत, ओळखीच्या माणसाच्या अंगावर पाहायचं, असा काहीसा तो हट्ट होता. पण पडद्याबाहेरची ती गोष्टही शेवटी पडद्यावरच येऊन बसली.

मग बर्डन सरळ टीव्हीतच शिरला. फेब्रुवारी 1972 मध्ये स्थानिक केबल वाहिनीवर त्याला बोलावलं होतं. कार्यक्रम थेट हवा, ही त्याची अट. चालू प्रक्षेपणात त्यानं मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या गळ्याला सुरा लावला आणि प्रक्षेपण थांबवलं तर मारीन, अशी धमकी दिली. त्यांना आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. नंतर वाहिनीची टेप मागून घेऊन त्यानं ती नासवून टाकली. स्वतःचा कॅमेरा मात्र बरोबर आणलेला होता. हे काम मला आवडत नाही आणि ते आवडावं असा आग्रह धरणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 1973 मध्ये केलेलं मात्र फार हुशारीचं: लॉस एंजेलिसच्या वाहिनीवर रात्री उशिराची दहा सेकंदांची जाहिरातीची जागा पैसे मोजून घेतली आणि इतर जाहिरातींच्या रांगेत स्वतःची फिल्म लावली. हात मागे बांधून काचांच्या तुकड्यांवरून उघड्या अंगानं सरपटणारा माणूस. कोणी झोपाळू डोळ्यांनी टीव्ही बंद करायला उठला असेल, त्याला काय वाटलं असेल!

इथे वर्गात कोणीतरी हमखास म्हणतं, 'यात काय, आमच्या गावात पोतराज हेच करतो.' पोतराज अंगावर आसूड ओढतो हे खरं. पण तिथे देवी आहे, ढोलकी आहे, सुपात धान्य घेऊन दारात आलेली बाई आहे. कोणी काय करायचं हे ठरलेलं आहे. बर्डनच्या खोलीत ते कोणालाच ठाऊक नसायचं. 1975 मध्ये शिकागोच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये तो तिरक्या लावलेल्या काचेखाली आडवा झाला, भिंतीवर घड्याळ. किती वेळ, ते जाहीर नाही. म्युझियमच्या कोणीही यात हात घातला की संपवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. 45 तास 10 मिनिटांनी एका कर्मचाऱ्यानं त्याच्याजवळ पाण्याचा जग ठेवला. बर्डन उठला आणि हातोड्यानं घड्याळ फोडलं.

आपल्याकडे हा प्रयोग वेगळ्या वाटेनं आला. बाबरी मशीद पाडली गेल्यावर, मुंबईच्या दंगलींनंतर, चित्रकार रुम्माना हुसैन यांच्या कामाचं वळणच बदललं. 1995 मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात त्या पायात घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई घेऊन फिरल्या. तोंड किंचाळल्यासारखं उघडं, आवाज नाही. घुंगरांचाच काय तो आवाज. 1999 मध्ये त्या गेल्या. माझ्या आधीच्या पिढीतल्या कोणी तो प्रयोग पाहिला असेल. माझ्याकडे आहेत ते फोटो.

पुढे असेच प्रयोग करणाऱ्या मरिना अब्रामोविचनं 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये जुने गाजलेले प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं, तेव्हा बर्डनचं एक काम तिला हवं होतं. त्यानं नकार दिला. तिनं 2010 मध्ये तिथल्याच मोमामध्ये, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, खुर्चीत बसून, समोर येईल त्याच्याकडे नुसतं बघत अडीच महिने काढले. इंटरनेटवर त्याचं थेट चित्रण सुरू होतं आणि समोर बसणाऱ्या प्रत्येकाचा फोटो निघत होता. रडणाऱ्या चेहऱ्यांचे हे फोटो आमच्या पिढीनं मोबाइलवरच पाहिले.

बर्डनचं स्वतःचं प्रकरण भलत्याच ठिकाणी मिटलं. 1978 पासून तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवत होता. नोव्हेंबर 2004 मध्ये तिथल्याच एका परफॉर्मन्सच्या वर्गात एका विद्यार्थ्यानं पिस्तुलासारखं काही काढून स्वतःच्या डोक्याला लावलं, चाप ओढला, काही झालं नाही; तो बाहेर गेला आणि बाहेरून गोळी झाडल्याचा आवाज आला. विद्यार्थी सुखरूप होता. बर्डन त्या वर्गावर नव्हता. पण त्या मुलाला लगेच निलंबित केलं नाही म्हणून त्यानं आणि त्याची पत्नी, शिल्पकार नॅन्सी रुबिन्स हिनं नोकरी सोडली. लोक हसले: गोळी खाणारा माणूस पिस्तुलाला घाबरला. मला तसं वाटत नाही. 1971 मध्ये खोलीतल्या लोकांना आपण कशाला आलोय याची कल्पना होती. या वर्गातल्या मुलांना नव्हती. पण मग टीव्हीवरच्या त्या बाईंना तरी कुठे होती?

2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्शर बुलेव्हार्डवर, म्युझियमसमोर, बर्डननं रस्त्यावरचे 202 जुने बिडाचे दिवे ओळीनं उभे केले. अंधार पडला की ते लागतात. रात्री तिथे नवरा-नवरी फोटो काढतात, पर्यटक खांबांना हात लावून सेल्फी घेतात, आणि इन्स्टाग्रामवर ही जागा ओळखणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की हे दिवे लावणाऱ्याच्या डाव्या दंडावर गोळीचा व्रण होता.