ऑल-सॅट: ‘सगळी उत्तरे’ मोजायची कशी?

सत्य किंवा असत्य अशा चलांचे सूत्र खरे करणारी किमतींची मांडणी म्हणजे त्याचे उत्तर. असे एक उत्तर शोधणे म्हणजे सॅट, सगळी शोधणे म्हणजे ऑल-सॅट. चलांना एकेक किंमत देत, अडले की मागे फिरत शोध घेण्याची पद्धत १९६२ पासून आहे. पहिल्या उत्तरावर न थांबता ती तशीच पुढे चालवली, की सूत्राची सगळी उत्तरे मिळतात. गुंता झाला तो १९९६ नंतर. संघर्षातून, म्हणजे दिलेल्या किमती सूत्राशी न जुळल्या की त्यातून, नवे क्लॉज (‘हे किंवा ते’ अशा अटी) शिकणारे, एकदम अनेक पातळ्या, म्हणजे आधीचे अनेक निर्णय, मागे उडी घेणारे सॉल्व्हर (उत्तर शोधणारे प्रोग्रॅम) आले आणि २००१ पर्यंत भलतेच वेगवान झाले. पण अशा उडीत कुठला भाग पाहून झाला याचा हिशेब हरवतो आणि तेच उत्तर पुन्हा हाती येते.

त्यावर २००२ च्या सुमारास मॉडेल चेकिंगमध्ये (यंत्रणा अटींप्रमाणे वागते का, हे तपासण्याच्या तंत्रात) ब्लॉकिंग क्लॉजचा मार्ग रुळला: उत्तर सापडले, की त्याला मनाई करणारा क्लॉज सूत्राला जोडायचा. कुठल्याही सॉल्व्हरवर चालणारी ही युक्ती मला आजही सुंदर वाटते. पण २० चले पूर्ण मोकळी असली, तर उत्तरे होतात १०,४८,५७६. प्रत्येकासाठी एक क्लॉज जोडत गेलो तर मेमरी भरते, सॉल्व्हर रखडतो. म्हणून २००४ पासून क्लॉज न जोडता शेवटचा निर्णय उलटवून पुढे जाणारे सॉल्व्हरही आले.

या दोन पद्धतींच्या वेगाची तुलना सतत होते. त्याआधी विचारायला हवे, की ‘एक उत्तर’ कशाला म्हणायचे? ‘अ किंवा ब किंवा क’ हेच सूत्र घ्या. तिन्ही चलांना किंमत द्यायची, तर उत्तरे सात. काही चलांना किंमतच न देणारी अर्धवट मांडणी चालत असेल तर तीनच: अ सत्य; ब सत्य; क सत्य. पण ही एकमेकांवर चढतात. अ आणि ब दोन्ही सत्य असलेली मांडणी दोनदा मोजली जाते. वेगळी ठेवायची तर: अ सत्य; अ असत्य, ब सत्य; अ आणि ब असत्य, क सत्य. यांत चार, दोन आणि एक अशी सातही बसतात. आकडा पुन्हा तीनच, पण काम निराळे.

सूत्र क्लॉजच्या रूपात आणताना त्याच्या भागांना नावे म्हणून जोडलेल्या सहायक चलांमुळे घोळ वाढतो. १९६८ च्या दुतर्फी रूपांतरात सहायक चल आणि त्याचा भाग दोन्ही दिशांनी बांधलेले असतात, म्हणून मूळ चले ठरली, की सहायक चलेही ठरतात. एकाच दिशेने बांधणाऱ्या १९८६ च्या एकतर्फी रूपांतरात क्लॉज कमी लागतात, पण सहायक चल मोकळे राहू शकते आणि एकच मूळ उत्तर अनेकदा मोजले जाते. एका उत्तरासाठी हे रूपांतर उत्तम. सगळी हवी असतील तर प्रक्षेपण, म्हणजे फक्त मूळ चलांपुरती मोजणी, करावेच लागते. २००९ मध्ये त्यासाठी खास अल्गोरिदम आला.

२०१८ मध्ये एकेक पातळी मागे येण्याची जुनी रीत साध्या सॅट सॉल्व्हरमध्ये परतली, क्लॉज शिकणे न सोडता. पुढच्याच वर्षी ती मोजणीसाठी वापरली गेली. २०२३ पर्यंत तिच्यावर ब्लॉकिंग क्लॉज न लागणारी, एकमेकांवर न चढणारी अर्धवट उत्तरे देणारी साधने उभी राहिली.